कलम सात आणि लहान खोलीचा ताबा

अल्लाचे नाव घेऊन, आणि टेबलावरची सगळी ताटे आधी उचलून, लिहिते ते असे:

मी सुहा अन्सार परकार, वय चोवीस, शिक्षण इतिहास घेऊन बी.ए., नोकरी मनामातल्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात, मूळ राहणार दाभोळ, जिल्हा रत्नागिरी, सध्या राहणार माहूज, बहरीन. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता करीत आहे. प्रकृती उत्तम आहे. डोके ठिकाणावर आहे. या शेवटच्या वाक्याला माझा मोठा भाऊ ओवैस याची हरकत आहे. ती त्याने साक्षीदाराच्या जागेत नोंदवावी, मध्ये मध्ये बोलू नये, असे ठरले आहे.

कारण घडले ते असे. उद्या बुधवारी दुपारी मी आणि अम्मी उमऱ्यासाठी बसने मक्केला निघतो आहोत. निघण्यापूर्वी वसियत करावी, लोकांची माफी मागावी आणि लोकांना माफ करावे ही आपल्यातली रीत. बहुतेक जण फोनवर "बोललं चाललं माफ करा" एवढे म्हणतात आणि बॅग भरायला घेतात. मला ते पुरेसे वाटत नाही.

दुसरे कारण इतिहासाचे आहे. प्राचीन इराणच्या हखामनी राजांचा असा दंडक होता, असे ग्रीक इतिहासकार सांगतात, की राजाने मोहिमेवर निघण्यापूर्वी आपला वारस जाहीर करायचा. मी ज्या राज्याचा कारभार गेले दीड वर्ष पाहिला ते तीन खोल्या, एक हॉल आणि एक स्वयंपाकघर एवढेच आहे. पण त्या राज्यात सध्या एक प्रश्न पेटलेला आहे, आणि तो तसाच टाकून मला सीमा ओलांडता येणार नाही. लेस्ली आणि डायना डिमेलो यांना, आणि जानेवारीत येणाऱ्या त्यांच्या बाळाला, या घरात जागा राहणार की नाही, हा तो प्रश्न. बाकी सगळी कलमे त्याच्यासाठी आहेत. इस्त्रीचे सोडून.

कलम पहिले: वस्तू

माझे वारस अब्बा आणि अम्मी. त्यांचे हिस्से शरीअतने ठरवून दिलेले आहेत, तिथे मला अक्कल चालवायची नाही. वडील हयात असताना भावाला काही येत नाही, हे मी ओवैसला आकृती काढून समजावले.

"म्हणजे तू गेलीस तर मला मफी? काहीच नाही?"

"मफी."

त्याला विशेष वाईट वाटलेले दिसले नाही. माझ्याकडे काय आहे ते त्याला माहीत आहे.

जे वारस नाहीत त्यांना एक तृतीयांशापर्यंत देता येते. त्या मर्यादेत इस्त्री ओवैसला, कारण तशीही तीच तो वापरतो आणि चालू ठेवून जातो. लॅपटॉप नाझिशला. नाझिश ही ओवैसची नवी नवरी. निकाह ऑगस्टमध्ये म्हसळ्याला झाला, तिचा व्हिसा आता आला आहे आणि डिसेंबरात ती इथे येईल. बारावीनंतर तिचे शिक्षण थांबवले गेले. लॅपटॉप तिने पुढे शिकण्यासाठीच वापरावा, लग्नाचा व्हिडिओ त्यावर साठवू नये. पुस्तके रत्नागिरीच्या माझ्या कॉलेजच्या ग्रंथालयाला. त्यांतली दोन मुळात त्यांचीच आहेत.

पदवीचे प्रमाणपत्र अम्मीला. अम्मी वारस असल्याने तिला वेगळे काही देता येत नाही, परंतु या कागदाला बाजारात किंमत नाही, म्हणून तो मालमत्तेत धरू नये. अम्मीने तो हॉलमध्ये घड्याळाच्या बरोबर खाली लावला आहे, म्हणजे वेळ पाहणाऱ्याला तो पाहावाच लागतो. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. निकालाच्या दिवशी दाभोळच्या चाचांनी फोनवर विचारले होते, "झालीस ना बी.ए.? आता तरी भाकरी गोल होणार काय?" चाचांचा विचार पुढे माफीच्या कलमात केला आहे.

कलम दुसरे: राज्य माझ्याकडे कसे आले

फ्लॅटचा करार अब्बांच्या नावावर आहे. अब्बांचे बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत कापडाचे छोटे दुकान आहे. बाल्कनीची खोली त्यांनी चार वर्षांपूर्वी वसईच्या लेस्ली आणि डायनाला भाड्याने दिली. लेस्ली हॉटेलच्या रिसेप्शनवर आहे, बहुधा नाइट शिफ्टला. डायना हॉस्पिटलच्या ऑफिसात आहे. समोरची खोली अब्बा-अम्मींची, मागची लहान खोली माझी. ओवैस अस्करच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात शिफ्टवर असतो आणि हॉलमधल्या सोफ्यावर झोपतो. स्वयंपाकघर सगळ्यांना मिळून एक.

एका शुक्रवारी फ्रीजरवरून भांडण झाले. अम्मीच्या सुरमईखाली डायनाचे बोंबील चिरडले गेले होते. दोघी न्याय मागायला हॉलमध्ये आल्या तेव्हा अब्बा क्रिकेट पाहत होते. त्यांनी मान न वळवता मला सांगितले, "तू शिकलेली ना? मग तूच ठरव. आजपासून सगळं तूच ठरव. फक्त ही ओव्हर होऊ दे."

जगाच्या इतिहासात सत्तांतर इतक्या शांतपणे फार वेळा झाले नसेल.

मी ही जबाबदारी गंभीरपणे घेतली. वेगवेगळ्या भाषांच्या, देवांच्या आणि जेवणांच्या लोकांना एका छताखाली कसे नांदवावे, याचे उत्तर मला तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात मिळालेले होते. सायरसने बाबिलोन घेतले तेव्हा लोकांचे देव त्यांच्या त्यांच्या देवळांत परत पाठवले. दारियसने इजिप्तवर स्वतःचे कायदे लादले नाहीत, तिथल्या जाणकारांना बसवून त्यांचेच जुने कायदे लिहून काढायला लावले. महत्त्वाचे शिलालेख तीन तीन भाषांत कोरवले. हे सगळे बहुतांशी राजांनी स्वतःच स्वतःबद्दल लिहवून घेतलेले आहे, एवढे लक्षात ठेवा, असे आमचे सर वर्गात म्हणाले होते. मी ते परीक्षेपुरते लक्षात ठेवले.

कलम तिसरे: कारभाराचा अहवाल

माझ्यानंतर येणाऱ्याच्या उपयोगासाठी लिहिते.

हखामनी साम्राज्याचे प्रांत होते आणि प्रत्येक प्रांतावर क्षत्रप. आपल्याकडे वर्तमानपत्रे पुढाऱ्यांना म्हणतात तोच हा शब्द. त्याप्रमाणे गॅसचे डावे दोन बर्नर हा परकार प्रांत आणि उजवे दोन हा डिमेलो प्रांत असे मी जाहीर केले. नाताळच्या आठवड्यात चारही बर्नर डिमेलोंचे, दोन्ही ईदना चारही आमचे. क्षत्रप म्हणून अनुक्रमे अम्मी आणि डायना यांची नेमणूक केली. डायनाने "थँक यू" म्हटले. अम्मीने कमरेवर हात ठेवले.

"माज्या चुलीवर मनाच नेमतंस काय गो?"

इराणी राजे प्रांताची सगळी सत्ता एकाच्या हाती देत नसत. क्षत्रप वेगळा, फौजेचा अधिकारी वेगळा, राजाचा चिटणीस वेगळा, म्हणजे कोणी डोईजड होत नाही. मी शिधा अम्मीकडे, गॅस सिलिंडर ओवैसकडे आणि चिटणिशी माझ्याकडे ठेवली. रमजानमध्ये ऐन इफ्तारच्या आधी सिलिंडर संपला. ओवैस अस्करला शिफ्टवर होता. नवा सिलिंडर मागवण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला नव्हता. आम्ही खजूर, ब्रेड आणि केळी खाऊन रोजा सोडला. कोणीही डोईजड झाले नाही.

राजाचे डोळे म्हणून ओळखले जाणारे निरीक्षक प्रांतांतून न सांगता फिरत आणि काय चालले आहे ते राजाला कळवत. हे काम मी ओवैसला दिले. त्याने पहिल्याच आठवड्यात डिमेलो प्रांतातल्या फ्रीजच्या कप्प्याची पाहणी केली आणि पाहणीत डायनाने सणासाठी तळून ठेवलेले मैद्याचे सगळे फुगे खाल्ले. माझ्याकडे आलेला अहवाल एका ओळीचा होता: "प्रांतात सुबत्ता आहे."

राजमार्गाची मात्र मला फार आशा होती. सुसापासून सार्दिसपर्यंत टप्प्याटप्प्याला ताजे घोडे, निरोप वाऱ्यासारखा जाई. मी ‘शाही मार्ग’ नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. लेस्ली तिथे मला "युअर मॅजेस्टी" म्हणून गुड मॉर्निंग पाठवत असे. ओवैसने तो मार्ग पहिल्याच दिवशी म्यूट केला. अब्बांना तो अजून उघडता येत नाही.

डायनाने मे महिन्यात बाळाची बातमी दिली तेव्हा मी तिला पर्सेपोलिसच्या मातीच्या पाट्यांविषयी सांगितले. राजाच्या कामावर असलेल्या बायका बाळंत झाल्या की त्यांना जादा शिधा मिळे, तशी नोंदच आहे. डायनाचे डोळे चमकले. मी उत्साहाने पुढे सांगितले, की मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट.

डायना म्हणाली, "म्हणजे वसईच की."

कलम चौथे: कलम सात

आता मुख्य गोष्ट. या राज्याचे नियम मी एका पानावर टाइप केले, ऑफिसात लॅमिनेट केले आणि फ्रीजच्या दारावर लावले. इराणी राजाचा शिक्का एकदा उमटला की तो हुकूम खुद्द राजालाही मागे घेता येत नसे, असे जुन्या कथांतून येते. मला हे भव्य वाटले होते. कायदा राजापेक्षा मोठा! म्हणून पानाच्या माथ्यावर मी ठळक अक्षरांत लिहिले: "यातील कोणतेही कलम कोणालाही, लिहिणारीलाही, बदलता येणार नाही."

त्यातले सातवे कलम असे आहे: "घरातील मुलाचे लग्न झाल्यास बाल्कनीची खोली नव्या जोडप्याला मिळेल." हे लिहिताना ओवैस सगळी स्थळे नाकारत होता. अम्मीला बरे वाटावे म्हणून मी ते घातले. नियमांच्या पानात आईसाठी एखादे कलम असावे, असा माझा सद्हेतू होता.

त्यानंतर ओवैसने नाझिशचा फोटो पाहिला.

व्हिसा हातात आला त्या दिवशी त्याने फ्रीजच्या दारावर बोट ठेवले. "तूच लिहिलंस. तूच लॅमिनेट केलंस. खलास."

"पण डायनाला बाळ होणार आहे!"

"आणि मला काय सोफा होणार आहे? चार वर्षं मी हॉलमध्ये झोपतोय, सुहा. नाइट करून येतो तेव्हा अम्मीची सिरियल चालू असते. नाझिशला काय त्या टीव्हीसमोर झोपवू?"

त्याचे म्हणणे बरोबर आहे, हे मी इथे नोंदवते, कारण तोंडाने त्याला हे कधीच सांगणार नाही.

मी अब्बांकडे गेले. ते म्हणाले, "करार माझ्या नावावर, भाडं लेस्ली देतो, कायदा तुझा. मग या घरात मी कोण?"

"राजा, अब्बा."

"मग राजाला जरा चहा मिळेल काय?"

लेस्लीने खोल्या शोधायला सुरुवात केली. माहूजमध्ये, जुफैरला, गुदैबियाला. परवडणारी प्रत्येक जाहिरात ‘एक्झिक्युटिव्ह बॅचलर’ मागते आणि खाली ‘नो किड्स’ लिहिते. एका घरमालकाने त्याला सांगितले की बाळ आणायचेच असेल तर रडणारे नको. लेस्लीने हे आम्हाला हसत हसत सांगितले. डायना हसली नाही. तिने टेबलावरचे वर्तमानपत्र घेतले आणि त्यात तिचे काचेचे ग्लास एकेक करून गुंडाळायला सुरुवात केली.

मी ते पान फाडून टाकावे, असे अम्मी म्हणाली. लॅमिनेट केलेले पान फाटत नाही. शिवाय आज मी माझ्या सोयीसाठी कलम बदलले, तर उद्या डाव्या-उजव्या बर्नरचीही खात्री कोणाला राहणार? कलम सात मी मागे घेत नाही.

परंतु त्या जुन्या कथांतलीच एक कथा अशी आहे. एका इराणी राजाने कोणाच्या तरी नादाने एका सबंध जमातीला मारण्याचा हुकूम काढला. नंतर त्याला पश्चात्ताप झाला, पण शिक्का उमटला होता. तेव्हा त्याने पहिला हुकूम तसाच ठेवून दुसरा काढला, की त्या जमातीने शस्त्र घेऊन स्वतःचा बचाव करावा. पहिल्यासमोर दुसरा उभा केला. मी गेला आठवडाभर ऑफिसच्या व्हॅनमध्ये हाच विचार करत होते.

कलम पाचवे: माफी

हे कलम अम्मीच्या आग्रहाने मुख्य कलमाच्या आधी घेतले आहे. माफ केल्याशिवाय काही दिले तर ते लागू पडत नाही, असे तिचे म्हणणे.

चाचांना भाकरीबद्दल माफ केले. माझी भाकरी अजून गोल होत नाही, आणि त्याचा इतिहासाशी संबंध नाही, हे त्यांना कळवावे. लेस्लीला "युअर मॅजेस्टी"बद्दल माफ केले. ओवैसला फुग्यांबद्दल माफ करण्याचा अधिकार माझा नाही, ते डायनाने ठरवावे. अहवालाबद्दल मात्र मी माफ केले. मला सत्ता दिल्याबद्दल अब्बांना माफ केले.

"माफ केलंस तर विसरून जा ना गो," अम्मी म्हणाली. "सगळा लिवून कशाला ठेवतंस?"

मी म्हटले, कशाबद्दल माफ केले हे त्यांना कळायला नको का?

"म्हणजे नाय केलंस माफ."

ज्या घरमालकांनी ‘नो किड्स’ लिहिले त्यांचे काय करायचे ते मी मक्केत ठरवीन.

कलम सहावे: लहान खोली

मागची लहान खोली अब्बांच्या करारात येते. ती माझी नाही, म्हणून मी ती देऊ शकत नाही. तीवर माझा जो काही ताबा आहे तो मात्र माझा आहे, आणि तो मी लेस्ली आणि डायना डिमेलो यांना व त्यांच्या होणाऱ्या बाळाला देत आहे. मृत्यूनंतर नव्हे, आजपासून. हातात दिलेले दान एक तृतीयांशाच्या हिशेबात येत नाही, आणि मृत्यूनंतर दिले तर बाळाला कदाचित पन्नास वर्षे वाट पाहावी लागेल. अब्बांना विचारले. त्यांनी मान हलवली, आणि त्या वेळी टीव्ही बंद होता.

अशा रीतीने कलम सात अबाधित राहते. बाल्कनीची खोली ओवैस आणि नाझिशला मिळते, आणि डिमेलो कुटुंब या राज्याच्या बाहेर जात नाही.

खोलीविषयी सूचना. खिडकी उघडली तर समोरच्या इमारतीच्या एसींची गरम हवा येते, म्हणून ती फक्त हिवाळ्यात उघडावी. कपाट दाराकडे सरकवले तर पाळणा मावतो, मी खुर्ची ठेवून पाहिले आहे. भिंतीवर हखामनी साम्राज्याचा नकाशा आहे, तो काढू नये, मागचा रंग निघेल. बाळ त्याच्याकडे पाहत मोठे झाले तर हरकत नसावी. सिंधूपासून एजियन समुद्रापर्यंत रंग चांगले भडक आहेत.

मी परत आल्यावर हॉलमध्ये ओवैसच्या सोफ्यावर झोपेन. याने माझ्या मानाला काही कमीपणा येत नाही. इराणी राजे ऋतूप्रमाणे सुसा, एकबताना, बाबिलोन, पर्सेपोलिस असे मुक्काम बदलत, आणि मोहिमेवर तंबूत राहत.

कलम सातवे: वारस

मोहिमेवर निघण्यापूर्वी नाव जाहीर करायचे म्हणून करते. अब्बांनी राज्यत्याग केलेला आहे. ओवैसला पाहणीचा अनुभव आहे, पण तो कसा आहे ते वर आलेच. लेस्ली मनाने चांगला, पण त्याला कशातही गांभीर्य दिसत नाही. अम्मीने आजवर माझा एकही नियम पाळलेला नाही आणि तरीही घरातले सगळे तिचे ऐकतात. हे कोणत्याही शासनपद्धतीत बसत नाही.

म्हणून मी राज्याची वारस म्हणून डायना डिमेलो हिचे नाव जाहीर करते. ती तिच्या आणि आमच्या, दोन्ही बोलींत नाही म्हणू शकते. ओवैसने फुगे खाल्ले तेव्हा तिने आरडाओरडा केला नाही, दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तळले आणि या वेळी एक ताट त्याच्यासाठी बाजूला ठेवले. मला हे धोरण तेव्हा कमकुवत वाटले होते. त्यानंतर त्याने त्या कप्प्याला हात लावलेला नाही.

समाप्ती

वरील मजकूर मी स्वतः लिहिला व मोठ्याने वाचून दाखवला. वाचनाच्या वेळी डायना ड्युटीवर होती. ज्याला या लेखाने काही मिळते त्याने साक्ष देऊ नये, म्हणून तिला बोलावले नव्हते. हाच नियम ओवैसला सांगितला तेव्हा त्याने विचारले, "मग मी?" साक्ष द्यायची तर इस्त्रीवर पाणी सोडावे लागेल, असे मी सांगितले. त्याने थोडा विचार करून पाणी सोडले. इस्त्रीचे कलम रद्द समजावे.

अम्मीने साक्ष द्यायला नकार दिला आहे. तिचे शब्द: "आपण दोघी एकाच बसमध्ये. बस कलंडली तर साक्ष द्यायला मी कबरीतून येऊ काय?" हा आक्षेप कायदेशीर वाटल्याने मान्य केला.

ठिकाण: माहूज, बहरीन
दिनांक: मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५
सही: सुहा अन्सार परकार

साक्षीदार पहिली: निदा खतीब, राहणार खालचा मजला. "माझ्यासमोर सही केली. मी साखर मागायला आले होते."

साक्षीदार दुसरा: ओवैस अन्सार परकार. "हे तिनेच लिहिले याबद्दल मला शंका नाही. शुद्धीवर लिहिले याबद्दल आहे. बाकी ठीक. सोफ्याची मधली स्प्रिंग वर आली आहे, उशी घेऊन झोप."

पुरवणी

बुधवार, १२ नोव्हेंबर, सकाळ. बॅगा दाराशी आहेत.

काल संध्याकाळी ड्युटीवरून आल्यावर डायनाने वरचा लेख पूर्ण वाचला. आज सकाळी ती तो हातात घेऊन स्वयंपाकघरात आली. मी प्रवासासाठी भाकऱ्या बांधत होते. ती आभार मानेल असे मला वाटले होते.

"सुहा, तू मला प्रांत दिलास. बर्नर दिलेस. आता खोली दिलीस, वर राज्य पण दिलंस. दीड वर्षात एकदा तरी विचारलंस का, डायना, तुला काय पाहिजे?"

मी म्हटले, विचारायचे राहिले.

"मग विचार."

"तुला काय पाहिजे?"

"लेस्ली रात्रभर हॉटेलात असतो. माझी आई गुडघ्यांमुळे वसईहून येऊ शकत नाही. त्या खोलीत रात्रीच्या वेळी बाळाला घेऊन एकटी बसायची मला भीती वाटते. बाल्कनीची खोली काय, लहान खोली काय, भीती तीच. मला खोली नकोय गं. मला त्या खोलीत माणूस पाहिजे."

अम्मी परकार प्रांतातून वळून न पाहता म्हणाली, "मंग सुहा रवेल ना तुज्याकडं. तिचा काय जातंय?"

लेस्ली शिफ्टवरून येऊन चहा पीत होता. "एक मिनिट. म्हणजे मी कुठे?"

"सोफ्यावर," ओवैस म्हणाला. "वेलकम, भाई."

यावर कोणी हुकूम काढला नाही. पाच मिनिटांत ठरले. अब्बांनी कपाट सरकवायला शेजारून माणूस आणतो म्हणून चप्पल घातली, आणि मी पाहिले की डायनाचे दोन ग्लास वर्तमानपत्रातून निघून पुन्हा मांडणीवर आले होते. ते कोणी काढले, माहीत नाही.

राज्य मात्र डायनाने नाकारले. "ते तुझं तू चालव. मी फक्त त्या खोलीचं बघेन." आणि तिने या कागदाच्या मागे, पेन्सिलीने, लिहिले:

"सुहाने परत आल्यावर कपाट अर्धे रिकामे करावे. बाळ रडले तर जिला आधी जाग येईल तिने उठावे, दुसरीला हाक मारू नये. इराणच्या गोष्टी बाळाला सांगायला हरकत नाही, पण मुलीला कमी शिधा मिळायचा ती सांगू नये."

मी विचारले, "पेन्सिलीने का? पुसलं जाईल."

ती म्हणाली, "अगं, बाळ अजून यायचंय. त्याला काय चालेल, काय नाही, आत्ताच कसं ठरवणार?"

डायना डिमेलो हिने केलेले वरील नियम मला वाचून दाखवण्यात आले. ते मला समजले. ते उद्या बदलू शकतात, हेही समजले. मान्य.

सही: सुहा अन्सार परकार, प्रजा